हार आपली, राग पोरांवर

‘अहो, शेवटी खेळच आहे तो’ असं हरलेल्या चाहत्याला समजवायला येणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. खेळच आहे हे चाहत्याला ठाऊक असतं. सोमवारी ऑफिस आहे, घराचा हप्ता जायचाय, गाडीचं ऑइल बदलायचंय आणि यातल्या कशावरही कालच्या निकालाचा काडीचा परिणाम होणार नाही, हेही त्याला ठाऊक असतं. तरी त्याला जेवण जात नाही. या दुःखावर औषध शोधायची गरज नाही, असं माझं म्हणणं आहे. ते दुसऱ्याच्या घरात शिरायला लागलं की मात्र त्याला अडवलं पाहिजे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये गेल्या काही वर्षांत अडवायचं राहिलं बाजूलाच, उलट सरकारनेच दार सताड उघडून दिलं आहे.

आमच्या भागातलीच गोष्ट घेतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यातली डरहॅम आणि चॅपल हिल ही दोन गावं 15-501 या हायवेने जोडलेली आहेत, मध्ये जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. डरहॅममध्ये ड्यूक, चॅपल हिलमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी नुसतं ‘कॅरोलायना’. ड्यूक खासगी, तंबाखूच्या धंद्यात गडगंज झालेल्या ड्यूक घराण्याच्या देणगीतून 1924 साली त्याला आजचं नाव मिळालं. कॅरोलायना सरकारी, 1795 पासून विद्यार्थ्यांना शिकवणारं. ड्यूकमध्ये बाहेरच्या राज्यांतली पैसेवाल्यांची पोरं येतात म्हणून कॅरोलायनावाले त्याला ‘डरहॅमची न्यू जर्सी युनिव्हर्सिटी’ म्हणतात. रंग दोघांचाही निळा, एकाचा गडद, दुसऱ्याचा आकाशी. 1920 पासून हे दोघं बास्केटबॉलमध्ये एकमेकांशी भांडताहेत. दर हंगामात किमान दोन सामने ठरलेले. त्यातला एखादा हरल्याने सहसा कुणाचं फारसं बिघडत नाही, कारण मार्चमधल्या 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोघांचीही बहुतेक वर्षी वर्णी लागतेच. तरीही या दोन रात्री राज्यातल्या निम्म्या घरांत पानावरून लोक उठतात.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणत घसा फोडणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कॉलेजच्या नावाने अंगात येणं म्हणजे काय हे सांगायला नको. फरक एवढाच, की इथे ती पोरं साठीची झाली तरी आवाज बसत नाही. आणि ओरडणाऱ्यांतल्या कित्येकांनी त्या कॉलेजच्या वर्गात पाऊलही ठेवलेलं नसतं. अशा चाहत्यांना इकडे ‘वॉलमार्ट फॅन’ म्हणून हिणवतात: टी-शर्ट वॉलमार्टमधून घेतला, एवढाच कॉलेजशी संबंध. हा टोमणा खरं तर कॅरोलायनावाल्यांसाठी आहे, पण मी ड्यूकचा वॉलमार्ट फॅन आहे. ड्यूकच्या फीचा आकडा वाचूनच घाम फुटतो, पण संघ मात्र माझा. घरात बायकोची पदवी कॅरोलायनाची. मोटारींवर दोन्ही कॉलेजांची बोधचिन्हं अर्धी-अर्धी असलेल्या ‘हाउस डिव्हायडेड’ पाट्या इथे सर्रास दिसतात. आमच्याकडे पाटी नाही, पण वस्तुस्थिती तीच.

तेव्हा हार म्हणजे काय, ते सांगतो. 5 मार्च 2022. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की, सगळ्यांचे ‘कोच के’, 42 हंगाम आणि 5 राष्ट्रीय विजेतेपदांनंतर निवृत्त होणार होते, आणि घरच्या मैदानावरचा हा त्यांचा शेवटचा सामना होता. समोर कोण, तर कॅरोलायना. कॅमेरून इनडोअर स्टेडियम 1940 सालचं, नऊ हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं लहान. तिकिटं हजारो डॉलरना गेली. जागा मिळावी म्हणून विद्यार्थी कित्येक आठवडे स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहिले होते. त्या तंबूंच्या वस्तीला कोचच्याच नावाने ‘के-व्हिल’ म्हणतात. कोचच्या हाताखाली खेळलेले 96 माजी खेळाडू आले होते. सामन्यानंतर निरोपाचा सोहळा ठरलेला. आणि कॅरोलायनाने ड्यूकला 94-81 असं धुतलं. त्यांच्या चार जणांनी प्रत्येकी वीस किंवा वीसपेक्षा जास्त गुण केले. पण सोहळा ठरलेला होता, पाहुणे बसलेले होते, तो कसा रद्द करणार? कोच मायक्रोफोनपाशी आले, आधी प्रेक्षकांची माफी मागितली आणि आजचा खेळ खपवून घेण्यासारखा नव्हता असं सरळ सांगून टाकलं. ड्यूकने घरी कॅरोलायनाला हरवलं की विद्यार्थी रीतसर परवानगी काढून लाकडी बाकांची होळी करतात. त्या रात्री बाकं जागच्या जागी राहिली.

त्यानंतर महिना पुरा व्हायच्या आत, 2 एप्रिलला, न्यू ऑर्लिन्समध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. एवढ्या वर्षांच्या वैरात राष्ट्रीय स्पर्धेत ते याआधी एकदाही भिडले नव्हते. शेवटच्या मिनिटाला ड्यूक एका गुणाने मागे. मार्क विल्यम्सला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे आडवं यायला कुणी नाही, घाई नाही. रेषेवर उभं राहायचं आणि टाकायचं. पहिला चुकला. दुसराही चुकला. मग दुसऱ्या टोकाला केलेब लव्हने लांबून तीन गुणांचा नेम साधला आणि खेळ तिथेच आटोपला: 81-77. लव्हचे 28 गुण. कोच के यांची कारकीर्द संपली ती त्या रात्री, आणि संपवली शेजाऱ्यांनी. विल्यम्स आणि लव्ह, दोघांचंही वय तेव्हा वीस.

चाहता यातून कसा सावरतो? सरळ मार्गाने नाही, हे कबूल. दोन दिवसांनी कॅरोलायना अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला 15 गुणांनी पुढे होती आणि 72-69 अशी हरली. अंतिम सामन्याच्या इतिहासात मध्यंतराची एवढी मोठी पिछाडी कुणी भरून काढली नव्हती. मला त्या रात्री झालेला आनंद सुसंस्कृत माणसाला शोभणारा नव्हता. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला कॅरोलायनाला देशात पहिलं मानांकन मिळालं आणि शेवटी ते राष्ट्रीय स्पर्धेलाही पात्र ठरले नाहीत. तेव्हाही तसाच आनंद झाला. पण हाही हिशेब फार दिवस टिकला नाही. लव्ह कॉलेज बदलून अॅरिझोनाकडे गेला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अॅरिझोनाकडून खेळायला त्याच कॅमेरूनमध्ये आला. अॅरिझोना 78, ड्यूक 73. नशिबाला विनोदबुद्धी असते, फक्त ती कॅरोलायनाच्या बाजूची असते.

3 फेब्रुवारी 2024 ला, शनिवारी, चॅपल हिलला सामना होता, आणि इकडे कॅरीत एका ओळखीच्यांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. कॅरी आणि मॉरिसव्हिल या भागात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे रथसप्तमीपर्यंतचा प्रत्येक शनिवार कुणा ना कुणाचा आधीच ठरलेला असतो. खाली वाणं लुटली जात होती आणि वरच्या बोनस रूममध्ये आम्ही बाप्ये टीव्हीसमोर, कोपऱ्यांत विभागून. यजमानांची मुलगी चॅपल हिलला शिकते. ड्यूक 93-84 हरल्यावर ते हातात ताटली घेऊन थेट माझ्यापाशी आले. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला. निदान पुढच्या सामन्यापर्यंत तरी.’ मी तिळगूळ घेतला. गोड काही बोललो नाही. घरी येताना गाडीत बायको गप्प होती, आणि जिंकलेल्या माणसाच्या गप्प बसण्याइतकं बोचरं दुसरं काही नसतं.

हे सगळं माझ्या मते ठणठणीत आहे. टोमणे, अबोला, शेजाऱ्याच्या पराभवावर फुकट मिळालेलं समाधान. हारलेला हारतो आणि ती हार तो आपल्या ओळखीच्या, बरोबरीच्या माणसांपुढे भोगतो. उद्या त्याचीही पाळी येणार हे दोघांनाही माहीत असतं. याला फार फार तर वेडेपणा म्हणा. 2012 साली केंटकी आणि लुइव्हिल या एकाच राज्यातल्या विद्यापीठांच्या संघांची उपांत्य फेरीत गाठ पडायच्या आधी केंटकीतल्या एका डायलिसिस केंद्रात दोन उतारवयातल्या रुग्णांची या सामन्यावरून मारामारी झाली आणि पोलिसांना बोलवावं लागलं. हसू येतं, पण त्यातही एक बरं होतं: भांडले ते दोघं चाहतेच. राग जिथे निर्माण झाला तिथेच खर्च झाला.

प्रश्न येतो तो राग तिथे खर्च होत नाही तेव्हा. इंडियाना विद्यापीठात बास्केटबॉलच्या चाहत्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या संघाचा सामना दाखवायचा आणि मग विचारायचं: आता तुम्ही शब्दांची कोडी किती सोडवाल? नेम कसा लागेल? एखाद्या देखण्या व्यक्तीला भेटायला बोलावलं तर ती हो म्हणेल का? संघ हरलेला पाहिल्यावर कट्टर चाहत्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज खाली आले. म्हणजे संघ हरला आणि हा खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःला कमी लेखायला लागला. ही गोष्ट मला हास्यास्पद वाटत नाही. ज्याच्यात जीव गुंतवला त्याच्यासोबत आपणही पडतो, माणूस असाच घडलेला आहे. पण कमीपणा फार वेळ सहन होत नाही. माणूस तो कुणावर तरी ढकलायला बघतो.

आणि ढकलायचं ते कायम आपल्याहून दुबळ्यावर. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलबद्दल कार्ड आणि डाल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवून दिलं, की जिंकणार असं वाटत असलेला घरचा संघ अनपेक्षितपणे हरला की पुरुषांनी घरातल्या बायकोला किंवा जोडीदाराला मारहाण करण्याच्या तक्रारी साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, आणि जुन्या प्रतिस्पर्ध्याशी हरल्यावर त्याहून जास्त. लुइझियानातल्या बालन्यायालयांच्या निकालांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर वाचून अंगावर काटा येतो. राज्याच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ अनपेक्षितपणे हरल्यानंतरच्या आठवड्यात न्यायाधीश अल्पवयीन आरोपींना जास्त लांबीच्या शिक्षा देत होते, आणि हा परिणाम विशेष करून त्या विद्यापीठात शिकलेल्या न्यायाधीशांत दिसत होता. काळा डगला घालून बसलेल्या, कायदा कोळून प्यायलेल्या माणसालाही जे आवरलं नाही, ते बिअरचा चौथा कॅन उघडलेल्या माणसाला आपोआप आवरेल, या भरवशावर धोरणं आखायची नसतात.

आता पैसा येतो. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला जवळपास देशभर रोखून धरणारा कायदा रद्द केला आणि एकेक राज्य आपापलं दुकान उघडू लागलं. नॉर्थ कॅरोलायनात मोबाइलवरून सट्टा सुरू झाला 11 मार्च 2024 ला. तारीख बघा: दुसऱ्याच दिवशी आमच्या कॉन्फरन्सची, म्हणजे ड्यूक आणि कॅरोलायना ज्या कॉलेजांच्या गटात खेळतात त्याची, स्पर्धा सुरू होत होती आणि पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धा. दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांचा स्टॉल लागावा तसा मुहूर्त. सट्ट्यावरच्या करातला काही वाटा राज्यातल्याच काही सरकारी विद्यापीठांच्या क्रीडाविभागांना मिळतो, हा आणखी एक मासला.

सट्टा नुसता कोण जिंकणार यावर नसतो. अमुक एक खेळाडू किती गुण करील, किती रिबाउंड घेईल (म्हणजे नेम हुकून परत आलेला चेंडू किती वेळा पकडेल), यावरही पैसे लावता येतात. याला ‘प्रॉप बेट’ म्हणतात. हा प्रकार सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि कॅरोलायनाने राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेटला 85-69 असं हरवलं. त्यांचा मोठा खेळाडू अरमांडो बेकॉट याने नंतर पत्रकारांना सांगितलं, की आपण बरे खेळलो असं समजून त्याने फोन उघडला तर शंभराहून जास्त संदेश, सगळे शिव्या घालणारे. का? त्याने रिबाउंड कमी घेतले म्हणून. संघ जिंकलाय, शेवटच्या सोळा संघांत गेलाय, आणि पोराच्या फोनवर शिव्यांचा ढीग.

बेकॉट माझ्या शत्रूपक्षाचा. त्याने आम्हाला 2022 मध्ये दोन्ही वेळा छळलं आहे. पण मला त्याच्याबद्दल जे वाटायचं आणि या शंभर जणांना जे वाटलं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो हरावा असं मला वाटायचं, पण माझं त्याच्याकडे काही येणं नव्हतं. सट्टा लावलेल्याचं येणं असतं. हरलेल्या चाहत्याच्या दुःखाला आजवर एक लाख मोलाचा गुण होता: त्याची भरपाई मिळण्याची सोय नव्हती. वसूल कुणाकडून करणार? म्हणून तो चार दिवस कुढायचा आणि कामाला लागायचा. प्रॉप बेटने त्या दुःखावर रक्कम लिहिली आणि खाली नावासकट देणेकरी लिहिला. तो देणेकरी वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा आणि फोनच्या एका टिचकीवर सापडणारा. फ्री थ्रो चुकणं ही त्याच्या आयुष्यातली आधीच पुरेशी वाईट गोष्ट आहे. ती कुणाच्या तरी चारशे डॉलरची बुडीत रक्कम होण्याची गरज नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की आता ही पोरं काही बिचारी राहिलेली नाहीत. जुलै 2021 पासून त्यांना जाहिरातींतून पैसे घेता येतात, आणि 2025 मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठंच त्यांना थेट वाटा देऊ शकतात: पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. दाम घेता तर बोलणीही खा, असा सूर. पैसे घेतले की खेळावर टीका होणार, हे मला पूर्ण मान्य. वर्तमानपत्रात, टीव्हीवर, कट्ट्यावर वाटेल तेवढी करा. मी स्वतः करतो आणि माझी भाषा नेहमीच संसदीय नसते. पण दोन कोटींचा वाटा म्हणजे पोराच्या खोलीत शिरायचा पास नव्हे. शिवाय ते पैसे नामांकित चार-पाच जणांकडे जातात. प्रॉप बेटची शिवी मात्र मिळकत बघून येत नाही.

दुसरं उत्तर जास्त शहाणं आहे: बंदी घातली की सट्टा चोरट्या मार्गाने जाईल. काही जाईलही. म्हणूनच सगळा सट्टा बंद करा असं मी म्हणतच नाही. संघांच्या हार-जितीवर ज्याला पैसे उडवायचे त्याने उडवावेत. फक्त कॉलेजच्या एकेका विद्यार्थ्याच्या नावावर दुकानात किंमत लावू नका. हे कुणा सोवळ्या माणसाचं म्हणणं नाही. मार्च 2024 मध्ये एनसीएए या कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनीच सगळ्या राज्यांना ही मागणी केली. ओहायो, मेरीलँड, लुइझियाना यांनी त्याच वर्षी असे सट्टे बंद केले आणि तिथलं बास्केटबॉल काही ओस पडलं नाही. नॉर्थ कॅरोलायनाने दुकान उघडताना मात्र ही बाजू मोकळी सोडली. कॉलेज बास्केटबॉल ज्या राज्याचा जवळजवळ धर्म आहे, त्याला आपल्याच कॉलेजच्या पोरांसाठी एवढी एक ओळ कायद्यात घालता आली नाही, याचा राग मला 94-81 पेक्षा जास्त येतो. आणि 94-81 चा मला किती येतो हे वर सांगितलंच आहे.

पैज लावायचीच, तर या दोन कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या दोन वृत्तपत्रांसारखी लावावी. ड्यूकचं ‘द क्रॉनिकल’ आणि कॅरोलायनाचं ‘द डेली टार हील’ यांच्यात या सामन्यावर पैज ठरलेली असते: हरलेल्या कॉलेजच्या वृत्तपत्राने आपलं नाव जिंकणाऱ्यांच्या निळ्या रंगात छापायचं. पैशाचा व्यवहार नाही, खेळाडूचा संबंध नाही. ज्यांनी बढाया मारल्या, त्यांचंच तोंड दुसऱ्याच्या रंगात रंगतं. आमच्या घरात याच्यावरून घेतलेला नियम असा, की हरलेल्याने दुसऱ्या दिवशी समोरच्या संघाचा टी-शर्ट घालून किराणा आणायला जायचं. मॉरिसव्हिलच्या देशी दुकानात मेथीच्या जुड्या निवडताना आकाशी निळ्यात मला बऱ्याच ओळखीच्या लोकांनी पाहिलेलं आहे.